जिवाणू जगतात कशावर?

जिवाणू खताची बाटली हातात घेऊन शेतकरी विचारतात, जीवामृत करणाऱ्या ताई विचारतात, बारावीची मुलंही विचारतात: "जमिनीत सोडलेले हे जिवाणू जगतात कशावर? गूळ वाढवला तर वाढतील का?" मातीतले सूक्ष्मजीव शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, तरी हा प्रश्न मला अजून आवडतो. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

गूळ चालेल, पण सगळ्यांना नाही.

ऊर्जा मिळवायची म्हणजे एका पदार्थाकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे आणि दुसऱ्याला द्यायचे. आपण ते अन्नातून घेतो आणि श्वासातल्या ऑक्सिजनला देतो. आपल्याला दुसरा मार्ग नाही. जिवाणूंच्या दुनियेत मात्र देणाराही बदलतो आणि घेणाराही. इलेक्ट्रॉन पुढे सरकताना पेशीच्या पटलाबाहेर प्रोटॉन साठत जातात आणि ते परत आत शिरताना एटीपी, म्हणजे पेशीला लागेल तिथे वापरता येणारी ऊर्जा साठवणारा रेणू, तयार होतं, धरणात अडवलेलं पाणी खाली येताना वीज तयार व्हावी तसं. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी हे १९६१ मध्ये मांडलं तेव्हा फारसं कुणाला पटलं नाही. १९७८ मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं.

आधी देणाऱ्यांकडे बघू. गूळ, शेण, पालापाचोळा यांवर जगणारे जिवाणू आपल्या ओळखीचे. पण १८८७ मध्ये सर्गेई विनोग्राड्स्की हे शास्त्रज्ञ गंधकाच्या झऱ्यांतले बेगियाटोआ हे धाग्यांसारखे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू मिळाला की त्या धाग्यांमध्ये गंधकाचे चकचकीत कण भरत, आणि वायू बंद केला की ते कण हळूहळू नाहीसे होत. जिवाणू गंधक जाळून जगत होते! पुढे नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे, जिवाणू वेगळे काढताना त्यांनी साखर, मटणाचं सूप असलं सगळं पौष्टिक खाद्य बाजूला ठेवलं, फक्त अमोनिया आणि क्षार दिले, आणि तिथे ते वाढले. मला हा प्रयोग फार मोठा वाटतो. खायला काहीच न देणं हीच त्यांना वाढवण्याची युक्ती होती.

तुमच्या शेतातही तेच चालतं. युरियाचा अमोनिया होतो. नायट्रोसोमोनास त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट. दोघेही त्यातून ऊर्जा काढतात आणि कर्ब हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. यांना गुळाचं काही पडलेलं नाही. पण या धंद्यात मिळकत फार थोडी, म्हणून ते वाढतातही सावकाश. भरपूर खाद्य असलेला आतड्यातला ई. कोलाय जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना कित्येक तास लागतात. निंबोळी लावलेला युरिया या मंडळींचाच वेग आणखी कमी करतो, म्हणजे नत्र टिकतं.

आता घेणारे. वाफसा असलेल्या जमिनीत ऑक्सिजन असतो, प्रश्न नसतो. पाणी साचलं की चित्र पालटतं, कारण हवेच्या मानाने पाण्यातून ऑक्सिजन सुमारे १०,००० पट हळू सरकतो. आहे तो लवकरच संपतो. मग अनेक जिवाणू नायट्रेटच्या आधाराने श्वसन करू लागतात आणि तुम्ही पैसे मोजून घातलेलं नत्र वायू होऊन उडून जातं. नायट्रेट संपलं की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, शेवटी कार्बन डायऑक्साइड. एकेक पायरी खाली, मिळकत कमी कमी.

कोकणातल्या भातखाचरात हे डोळ्यांनी दिसतं. चिखलणीच्या वेळची तांबडी माती काही आठवड्यांत आतून करडी पडते, कारण जिवाणूंनी लोहाला इलेक्ट्रॉन दिलेले असतात. एक रोप अलगद उपटून मुळं धुऊन बघा, त्यांवर गंजाचा तांबूस थर दिसेल. भाताची मुळं पानांकडून आलेली हवा थोडी बाहेर सोडतात आणि विरघळलेलं लोह तिथेच पुन्हा गंजतं. चिखलात पाय टाकल्यावर बुडबुडे येतात त्यात मिथेन असतो. तो करणारे खरं तर जिवाणू नव्हेत, आर्किया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीव.

राहिला किण्वनाचा मार्ग, म्हणजे आंबवणं. त्यात बाहेरचा घेणारा लागतच नाही, साखरेचेच तुकडे आपसांत देवाणघेवाण करतात. पण एका ग्लुकोजमागे एटीपी मिळतात साधारण दोनच. दही लावताना विरजणातले जिवाणू एवढ्यावरच भागवतात. जीवामृताच्या पिंपात गूळ मुख्यतः खपतो तो असल्यांनाच आणि शेणातल्या इतर साखरखाऊ जिवाणूंना, तेव्हा तो वाढवून नायट्रीकरण वाढेल अशी आशा ठेवू नका.

आणि पाऊस लागून राहिला असेल तर युरियाची गोणी फोडू नका. कापूस, सोयाबीन, मका असेल तर आधी चर काढून पाणी जाऊ द्या, वाफसा येऊ द्या, मग नत्राचं बघा. भाताच्या खाचरात पाणी राहणारच, म्हणून तिथे नायट्रेटचं खत न घालता अमोनियाच्या रूपातलं नत्र द्या आणि ते चिखलात खोल जाईल असं बघा.