आर्थर मॉर्गन डोक्यातनं जाईना
काल रात्री अडीचला रेड डेड रिडेम्प्शन २ संपवली. २०१८ ची गेम, मी आत्ता खेळलो. मधी इनसाइड नावाची गेम पण झाली, चांगलीय, पण ही वेगळीच. १८९९ ची अमेरिका, दरोडेखोरांची टोळी, त्यातला आर्थर उधारी वसूल करायला एका आजारी शेतकऱ्याला मारहाण करतो आणि तिथनंच त्याला टीबी लागतो, मग हळूहळू माणूसच बदलत जातो. शेवटी घोड्याला गोळी लागते, मागं पिंकर्टनचे खाजगी डिटेक्टिव्ह, तरी हा गुडघ्यावर बसून त्याला थँक्यू म्हणतो... तिथं रडलो राव. ऑनर (गेममधी चांगलं वागण्याचा हिशोब) जपलेला म्हणून सूर्योदयाचा शेवट मिळाला. आज पहाटे अजिंक्यताऱ्यावर गेलो, मंगळाईच्या देवळापाशी ऊन आलं आणि परत तोच आठवला. पुन्हा खेळणार, घोड्याचं नाव तेच ठेवणार.