भोपळ्याचा म्यूट

आमच्या मालवणकडे ट्रंपेटवाल्याला म्यूट, म्हणजे आवाज दाबायला ट्रंपेटच्या तोंडात बसवायचं बूच, लागतच नाही. वरातीत आवाज जितका मोठा तितकं बँड पार्टीचं नाव. तिथे कुणी म्यूट लावून वाजवायला लागला तर यजमान ॲडव्हान्स परत मागेल. मला तो लागला दोन कारणांनी. जुन्या हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात मी वाजवायला लागलो, आणि त्या गाण्यांतले ट्रंपेटचे काही तुकडे म्यूटशिवाय तसे वाजतच नाहीत. 1950 च्या आसपास मुंबईच्या स्टुडिओंत हे काम गोव्याच्या वादकांच्या हातात होतं. हळदोण्याचा चिक चॉकलेट त्यांतला फार गाजलेला. दुसरं कारण शेजारचं. “वायच हळू वाजव रे, म्हातारी आत्ता निजली हा,” असं काकी पडवीतून सांगायच्या, आणि त्यांचं बरोबरच होतं.

ॲल्युमिनियमचा आयता म्यूट ऑनलाइन मिळतो. किंमत बघितली आणि आधी तो असतो कसा ते नीट समजून घेतलं. स्ट्रेट म्यूट म्हणजे पोकळ शंकू: अरुंद तोंड उघडं, रुंद बूड बंद. अरुंद बाजू ट्रंपेटच्या बेलमध्ये, म्हणजे पुढच्या पसरट तोंडात, जाते आणि बाहेरून चिकटवलेल्या कॉर्कच्या तीन पट्ट्यांवर म्यूट अडकून राहतो. पट्ट्यांच्या मधल्या फटींतून आवाज बाहेर पडतो. पोकळ, एका बाजूला निमुळतं, बूड बंद, असं आमच्या माळ्यावर काय पडलेलं असतं? सुका कडू भोपळा. पोरांच्या पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकवायचे तोच.

ते पोहण्याचे भोपळे फार मोठे. ट्रंपेटची बेल साधारण 12 सेंटिमीटरची, म्हणजे म्यूटचं पोट दहाच्या आसपास हवं. वेलीवरच खुरटून सुकलेला एक सापडला. गळा लोखंडी करवतीच्या पात्याने कापला, भोक अडीच-तीन सेंटिमीटरचं ठेवलं. आतला सुका गर काढणं हे खरं कष्टाचं काम. बिया तारेने निघतात, पण पापुद्रे भिंतीला धरून बसतात. शेवटी नदीतले बारीक खडे आणि पाणी घालून, तोंडावर तळहात दाबून खूप खळखळवला. पाणी आधी चहाच्या रंगाचं आलं, मग स्वच्छ. उन्हात कडकडीत वाळवून आतबाहेर वॉर्निश दिलं. इथली हवाच अशी दमट की वॉर्निश नसतं तर पावसाळ्यात आत बुरशी ठरलेली.

कॉर्कसाठी गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. गॅस्केट कापायला कॉर्कची शीट मिळते तिथे. “कुठच्या गाडीक?” दुकानदाराने विचारलं. ट्रंपेटला म्हटल्यावर त्याने वर बघितलं आणि उरलेला तुकडा तसाच देऊन टाकला.

माझं मत असं झालंय की म्यूटमध्ये आकाराचं महत्त्व चार आणे, कॉर्कचं बारा आणे. पट्टी जाड असेल तर म्यूट बाहेर राहतो, फट मोठी होते आणि आवाज जवळजवळ उघडाच येतो. पातळ झाली की म्यूट आत रुततो आणि स्वर गुदमरतो. म्हणून जाड पट्ट्या चप्पल चिकटवायच्या सोल्यूशनने लावल्या आणि पॉलिशपेपरने थोड्या थोड्या घासत गेलो. दोन घास, लावून बघ, एक लांब स्वर, पुन्हा काढ. एक पट्टी जरी उंच राहिली तरी म्यूट तिरका बसतो आणि जोरात फुंकल्यावर खाली पडतो. लावायच्या आधी कॉर्कवर गरम वाफ सोडायची आणि आत घालताना किंचित पिरगळायचा, की घट्ट धरतो.

आवाज धातूच्या म्यूटइतका धारदार नाही. जरा नाकातला, गोलसर येतो, आणि त्या जुन्या गाण्यांना मला तोच जास्त शोभतो. म्यूट लावला की स्वर थोडा चढतो. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे स्वर जुळवायची सरकती नळी, जराशी बाहेर ओढून ट्यूनरवर जुळवून घ्यावा लागतो.

काकींसाठी दुसरा भोपळा केला. त्याला तीन पट्ट्यांऐवजी हवाई चप्पलच्या फोमचं सलग कडं, म्हणजे फट अजिबात नाही. बुडाला ड्रिलने बारीक भोक आणि आत सैल कापूस. आवाज आता खोलीबाहेर फारसा जात नाही. पण हवेला वाट कमी, त्यामुळे फुंक उलटी तोंडावर येते, खालचे स्वर डगमगतात आणि सूरही चढतो. रोज त्यावरच रियाज केला तर फुंकण्याची सवय बिघडेल, म्हणून लांब स्वर मी समुद्राकडे जाऊन उघड्या ट्रंपेटवरच करतो.

बेलपुढे उघडझाप करून काढायच्या वा-वा आवाजासाठी करवंटीही धरून बघितली. न्यू ऑर्लिन्सचा जॅझवाला किंग ऑलिव्हर कॉर्नेटपुढे, म्हणजे ट्रंपेटच्या आखूड भावंडापुढे, कप, बाटल्या धरायचा, मग करवंटीने काय घोडं मारलंय! काठाला सायकलची ट्यूब चिकटवली, नाहीतर पितळेला चरे पडतात. तरी आवाज कडकच येतो. त्यापेक्षा सिंक साफ करायचा रबरी पंप, दांडा काढून, कितीतरी बरा. नवा घ्यावा, हे सांगायला नकोच.

आता आमचा ट्रॉम्बोनवाला मागे लागलाय. त्याची बेल वीस सेंटिमीटरची, तिला पोहण्याच्या भोपळ्याशिवाय पर्याय नाही. मांडवावर वेल चढवलाय. एका भोपळ्याचा गळा मापाचा वाटतोय, पण तो वेलीवर पुरता सुकेपर्यंत हात लावायचा नाही असं त्याला बजावून ठेवलंय.