तुम्ही विचारलंत म्हणून: लिनिअर ट्यूबवाला घेऊ की ट्रान्झिस्टरवाला?

हॅम रेडिओवाले, म्हणजे हौस म्हणून स्वतःच्या रेडिओवरून बोलणारे, भेटले की हा प्रश्न येतोच, रेडिओचा सिग्नल वाढवणारा १५०० वॅटचा लिनिअर अँप्लिफायर घ्यायचाय, ट्यूबवाला घेऊ की ट्रान्झिस्टरवाला, आणि त्यातला सेफ कोणता. मी उलट विचारते, झाकण उघडणार आहात का?

कारण पॉवर दोघांनाही साधारण तेवढीच लागते. १५०० वॅट बाहेर काढायचे तर २४००-२५०० आत घालावे लागतात, बाकीची नुसती उष्णता. ट्यूबमध्ये हे ३००० व्होल्ट आणि ०.८ अँपिअर असं जातं, हल्लीच्या एलडीमॉस प्रकारच्या ट्रान्झिस्टरमध्ये ५० व्होल्ट आणि ५० अँपिअर. भिंतीतून २३० व्होल्टवर ११ अँपिअरच्या आसपास, १२० असेल तर त्याच्या दुप्पट, म्हणून वेगळी लाइन आणि नीट अर्थिंग हवंच, एक्स्टेन्शन बोर्डचं नावही काढू नका.

आता ट्यूबचं सांगते. माझ्या पहिल्या लिनिअरच्या सप्लायमध्ये आठ कपॅसिटर सिरीजमध्ये होते, प्रत्येक २०० मायक्रोफॅरड आणि ४५० व्होल्टचा, आणि प्रत्येकावर १०० किलोओहमचा ब्लीडर, म्हणजे बंद केल्यावर साठलेला चार्ज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर. हिशोबाने बंद केल्यावर दोनेक मिनिटांत सगळा चार्ज उतरायला हवा. प्लग काढला, थांबले, मीटरची सुई खाली आली पण शून्याच्या जराशी वर अडकली, मी म्हटलं मीटर जुनंय, असेल काहीतरी. नव्हतं तसं. एक ब्लीडर आतून ओपन होता आणि त्या एकट्या कपॅसिटरवर पावणेचारशे व्होल्ट तसेच बसलेले. स्क्रूड्रायव्हर टेकला आणि फाट्कन आवाज, टोकाला खड्डा. तिथे माझं बोट असतं तर...

तेव्हापासून प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवते, पाच मिनिटं थांबते, मग रेझिस्टर लावलेल्या इन्सुलेटेड काठीने, एक हात पाठीमागे ठेवून, एकेक कपॅसिटर उतरवते आणि मगच मीटरने प्रत्येकावर बघते. साधं मल्टिमीटर १००० व्होल्टपर्यंतचंच असतं, ते सरळ ३००० ला लावायचं नाही. आणि काम संपेपर्यंत सप्लाय शॉर्ट करून क्लिप तशीच ठेवायची, कारण उतरवलेला कपॅसिटरसुद्धा थोडा परत चढतो. झाकणाचा इंटरलॉक, म्हणजे झाकण उघडताच सप्लाय तोडणारा स्विच, बायपास करणारे लोक असतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त तेव्हा खोलीत थांबत नाही.

ट्रान्झिस्टरमध्ये ३००० व्होल्टची भीती नाही, पण ५० अँपिअरच्या टर्मिनलवर अंगठी आडवी आली तर बोट भाजतं, तेव्हा अंगठी-घड्याळ काढूनच. बाकी बहुतेक वेळा जीव जातो तो बिचाऱ्या ट्रान्झिस्टरचाच. ट्यूब चुकीच्या ट्यूनिंगला प्लेट लालबुंद करून थोडा वेळ देते, ट्रान्झिस्टर फ्यूज उडायच्या आधीच गेलेला असतो. त्याला ड्राइव्ह, म्हणजे रेडिओकडून आत येणारी पॉवर, मोजके वॅटच लागते, रेडिओ देतो १००, आणि काही रेडिओ बोलायला सुरुवात करताच क्षणभर सेटिंगपेक्षा जास्तच ढकलतात, म्हणून मध्ये पॉवर कमी करणारा अटेन्युएटर, आणि एसडब्ल्यूआर वाढला, म्हणजे अँटेनाकडून पॉवर परत यायला लागली, की ट्रिप होणारं प्रोटेक्शन. अँटेनाकडे मात्र दोन्ही सारखेच, ५० ओहमवर १५०० वॅट म्हणजे पावणेतीनशे व्होल्ट आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीची वीज), आणि त्याला हात लागला तर ते भाजणं आतपर्यंत जातं.

तर झाकण उघडणार नसाल तर ट्रान्झिस्टरवाला घ्या. उघडणार असाल तर ट्यूबवालाही चालेल, मीही अजून तोच वापरते, फक्त आधी ती काठी बनवा.