बी सँटेलोचे दुकान आणि आमचे लालबाग

गाव सोडून गेलेले माणूस परत येते, ही गोष्ट आपण असंख्य वेळा ऐकली आहे आणि बहुतेक वेळा ती परत आलेल्याच्याच तोंडून ऐकली आहे. ‘नाईट इन द वूड्स’ हा व्हिडिओ गेम माझ्या मनात घर करून बसला तो यासाठी, की त्यातली परत आलेली मुलगी नायिका असली तरी तिला चार खऱ्या गोष्टी सुनावण्याचा अधिकार मागे राहिलेल्यांकडे आहे.

स्कॉट बेन्सन, बेथनी हॉकनबेरी आणि अ‍ॅलेक होलोव्का यांनी तयार केलेला हा गेम फेब्रुवारी २०१७ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याला कथनासाठीचा ‘बाफ्टा’ हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. पात्रे सगळी प्राणी आहेत, पण ती कपडे घालतात, नोकऱ्या करतात आणि कर्जाच्या हप्त्यांची काळजी वाहतात. मे बोरोव्स्की ही वीस वर्षांची मांजर कॉलेज अर्धवट टाकून पॉसम स्प्रिंग्स या आपल्या गावी परत येते. हे गाव एकेकाळी कोळशाच्या खाणींवर उभे राहिले. आता खाणी बंद आहेत, कारखाने गेले आहेत आणि दुकानांना एकामागून एक कुलपे लागत आहेत.

खेळणाऱ्याने करायचे काय, तर रोज उठायचे, लॅपटॉपवरचे मित्रांचे निरोप वाचायचे, स्वयंपाकघरात बसलेल्या आईशी दोन शब्द बोलायचे आणि गावातून फेरी मारायची. कोणाला मारायचे नसते, गुण मिळवायचे नसतात. टपालपेटीवर चढून विजेच्या तारांवरून चालत जाता येते. मिस्टर चाझोकोव हे जुने शिक्षक छतावर दुर्बीण लावून बसलेले असतात. तिथवर पोहोचले तर ते तारे दाखवतात. शेजारची सेल्मर्स पायरीवर बसून स्वतः केलेल्या छोट्या कविता ऐकवते. यातले काहीही न करता कथा पुढे नेता येते, गेम अडवत नाही. मात्र रोज थांबून विचारपूस केली, की त्याच माणसांकडे रोज काहीतरी नवे सांगायला असते आणि हळूहळू लक्षात येते, की कथा म्हणजे हीच विचारपूस आहे.

मे हिच्या वडिलांचे, स्टॅन यांचे, उदाहरण घ्या. कारखान्यातले काम गेले आणि आता ते सुपरमार्केटमध्ये मांस विकणाऱ्या काउंटरवर उभे राहतात. तक्रार फारशी करत नाहीत. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मुलीशी थट्टामस्करी करतात. मी लालबागच्या चाळीत वाढलो. आजोबा कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक जण पुन्हा कधी आत गेले नाहीत. आजोबांनी नंतर एका इमारतीत रखवालदारी केली, आणि घरात त्या नोकरीविषयी कधीच बोलणे होत नसे, अगदी पगार झाला तरी. स्टॅन यांच्या थट्टेमागे काय दडले आहे, हे मला म्हणूनच कोणी समजावून सांगावे लागले नाही. गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि टॉवर उभे आहेत. पॉसम स्प्रिंग्सच्या वाट्याला तेही आलेले नाही, एवढाच काय तो फरक.

या गेममधले मला सर्वांत मोलाचे पात्र मात्र बी सँटेलो हिचे. वर्गात हुशार असलेली ही मगर कॉलेजला जाणार होती. पण आई कर्करोगाने गेली, वडील खचले आणि हार्डवेअरच्या दुकानाचा सगळा भार तिच्यावर आला. ती हिशेब ठेवते, कामगारांना सांभाळते, रात्री घरी जाऊन वडिलांकडे पाहते. जी संधी हिला मिळालीच नाही, ती मे हिने सहज सोडून दिली, हे तिला सहन होत नाही. आणि एका रात्री ती बोलून दाखवते, की मी इथे राहून वयाने वाढले, तू बाहेर जाऊन होतीस तशीच राहिलीस. पुढे या दोघी एका कॉलेजच्या पार्टीला जातात. तिथे बी अनोळखी मुलांना आपणही विद्यार्थी असल्याचे सांगत असते आणि मे भोळेपणाने सर्वांदेखत ते खोटे पाडते. काही क्षणांचा हा प्रसंग आहे, पण ते एक खोटे बोलण्यात तिला काय सुख मिळत होते, ते कळताच हातातला कंट्रोलर खाली ठेवावासा वाटतो.

शेवटच्या भागाबद्दल अनेकांची नाराजी आहे. (ज्यांना रहस्य राखायचे आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) गावाला पूर्वीचे दिवस यावेत म्हणून काही जण खाणीतल्या एका अज्ञात शक्तीला माणसांचे बळी देत असतात, आणि बळी म्हणून निवडतात ती गावाला निरुपयोगी वाटणारी माणसे. मांडणी थोडी घाईची आहे, हे मान्य. पण कल्पना मला अस्थानी वाटत नाही. गेलेले काम परत यावे, ही इच्छा किती क्रूर होऊ शकते, हे त्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून अंगावर येते, कारण ते सगळे स्वतःला गावाचे हितचिंतकच समजतात. याच गावातल्या जुन्या खाणकामगारांनी मालकाविरुद्ध लढा दिला होता आणि मे हिच्या घराण्यातलेही त्यांत होते, हा धागा गेममध्ये आधीच येऊन गेलेला असल्याने हा भाग अधिक बोचतो. एका पिढीने एकजुटीने जे मागितले, तेच पुढच्यांनी अंधारात शेजाऱ्याच्या पोराचा जीव देऊन मागितले.

बहुतेक दिवशी संध्याकाळ बीबरोबर घालवायची की ग्रेग या मित्राबरोबर, हे आपल्याला ठरवावे लागते, आणि दोन्ही वाटा एकाच खेळात पाहता येत नाहीत. ग्रेगची वाट अधिक मजेची आहे, त्याचे आणि त्याचा प्रियकर अँगस याचे गाव सोडून एकत्र राहण्याचे बेत मनाला भिडतात, त्यामुळे बहुतेक जण आधी तिकडे वळतात. माझे सांगणे असे, की पहिल्या वेळी प्रत्येक संध्याकाळी दुकानात जावे आणि बी रागावली, तुटक बोलली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडेच जावे.