बारा जणांचं एकमत

न्यू जर्सीत आज ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या आम्हा सामान्य नागरिकांचं, काम संपलं. निकाल इथे लिहीत नाही. फौजदारी खटला, त्यामुळे दोषी म्हणा वा निर्दोष, बाराही जणांचं एकमत हवं. साक्षीतल्या एका वेळेवरून आम्ही किती वाद घातला! घालायलाच हवा होता. समोरच्याच्या आयुष्याची वर्षं पणाला लागली होती. आरोपीने काहीच सिद्ध करायचं नसतं, हे न्यायाधीशांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

पण अमेरिकेत दहातल्या नऊहून जास्त शिक्षा खटला न चालवता, सरकारी वकिलांशी तडजोडीत गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. त्या पुराव्यांवर असा वाद कोण घालतं? कोठडीत अडकलेला माणूस घरी जायला मिळावं म्हणूनही कबुली देतो. न्यू जर्सीने २०१७ पासून रोख जामीन, म्हणजे पैसे भरले तरच खटल्याआधी सुटका, जवळजवळ बंद केला, ते फार बरं केलं. बाकीच्या राज्यांनीही करावं.