उद्यान समितीला नुसतं स्वतंत्र म्हणून भागणार नाही, तिजोरीची किल्ली पण द्या

शहराच्या उद्यान सल्लागार समितीचं स्वतंत्र, म्हणजे नुसता सल्ला न देता स्वतः निर्णय घेणारं बोर्ड करावं का, हा वाद निघाला की सगळी चर्चा त्या बोर्डाची निवडणूक होणार का, राजकारण वाढणार का, यातच अडकते. मला विचाराल तर बोर्ड व्हायलाच हवं. पण पैशाचं काही न ठरवता केलेलं बोर्ड मला नको, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

सल्लागार समितीतले लोक बहुतेक ठिकाणी महापौर किंवा कौन्सिल (शहराचं निवडून आलेलं सभागृह) नेमतं, काम बिनपगारी असतं, आणि त्यातले बरेच जण खरंच जीव लावून करतात. पण समजा पार्कचा एक कोपरा पार्किंगसाठी घ्यायचाय. तो विषय समितीसमोर येतो तेव्हा नकाशे तयार असतात, खर्चाचा अंदाज झालेला असतो, कधी कधी तर टेंडरचा मसुदाही पडलेला असतो. समिती दोन तास चर्चा करते, लोकांचं ऐकते, "कोपरा देऊ नये" असा ठराव करते, मग तो ठराव कौन्सिलच्या कागदांत कुठेतरी मागे जोडला जातो, कौन्सिल त्याची "नोंद घेतं" आणि प्रस्ताव जसाच्या तसा मंजूर. नियम कुठेच मोडलेला नसतो, कारण सल्ला घ्यायचं बंधन असतं, मानायचं नसतं. असं चार वेळा झालं की चांगली माणसं समितीवर यायचीच थांबतात.

आणि खरी मारामारी बजेटमध्ये. पोलीस, रस्ते, पाणी, अग्निशमन या सगळ्यांसोबत एकाच तिजोरीत हात घालायचा म्हटलं की कात्री पहिली पार्कवर चालते, कारण त्याचा परिणाम त्या वर्षी दिसत नाही. नव्या झाडाला पहिली दोन-तीन वर्षं नियमित पाणी लागतं, ते नाही मिळालं तर ते जातं, आणि मग तिथे पुन्हा वृक्षारोपण होतं, पुन्हा फोटो निघतात. जमिनीखालचा गंजलेला पाइप बदलल्याचं उद्घाटन कोणी करत नाही ना, म्हणून तो बदलला जात नाही, खेळणी मात्र नवी येतात.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. तिथलं पार्क बोर्ड १८८३ सालचं, राज्याच्या कायद्याने आणि लोकांच्या मतदानाने झालेलं, तेही तेव्हाच्या सिटी कौन्सिलचा विरोध असताना. आज ९ कमिशनर, म्हणजे बोर्डाचे सदस्य, निवडून येतात, ६ वेगवेगळ्या भागांतून आणि ३ सगळ्या शहरातून. मुख्य म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समध्ये बोर्डाचा स्वतःचा वेगळा हिस्सा असतो, आणि पार्कचा कारभार पाहणारा सुपरिटेंडेंट बोर्डच नेमतं. शहर वाढायच्या आधीच त्यांनी तळ्यांच्या काठच्या जमिनी घेऊन ठेवल्या, आणि आज त्या काठांवर कोणीही चालायला जाऊ शकतं. दर वर्षी कौन्सिलपुढे हात पसरावा लागला असता तर इतक्या लांबचं बघता आलं असतं असं मला नाही वाटत.

याउलट कॅनडातलं व्हँकुव्हर. तिथलं बोर्डही निवडून आलेलं, ७ कमिशनर, एकशे तीस वर्षांहून जुनी परंपरा. पण बजेट ठरवणार सिटी कौन्सिल. डिसेंबर २०२३ मध्ये महापौर केन सिम यांनी हे बोर्डच बंद करायचा प्रस्ताव आणला, आणि जुन्या झालेल्या सुविधांची दुरवस्था हे त्यातलं एक मोठं कारण सांगितलं. मला हे पटत नाही. पैसे एकाच्या हातात आणि दोष दुसऱ्याच्या माथी, अशी रचना असेल तर कुठलंही बोर्ड नापासच होणार. महापौरांच्याच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या काही कमिशनरांनीसुद्धा या प्रस्तावाला विरोध केला, यावरून काय ते समजा.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करते. अशा निवडणुकीत उमेदवारांची नावंसुद्धा मतदारांना माहीत नसतात, मग ज्या भागात लोक संघटित आहेत, ज्यांना मीटिंगला जायला वेळ आहे, त्यांच्याच बागा आणखी हिरव्या होतात. यावर मिनियापोलिसमध्ये २०१६ मध्ये एक काम झालं ते मला फार आवडलं. कुठल्या भागातल्या पार्कवर आधी खर्च करायचा हे ठरवताना त्या भागातली गरिबी, वांशिक विषमता आणि पार्कची आत्ताची अवस्था हे निकष लावायचं त्यांनी ठरवलं, आणि लहान पार्कांसाठी वीस वर्षांच्या पैशांचा करार कौन्सिलबरोबर केला. म्हणजे स्वतंत्र बोर्ड असलं तरी कौन्सिलशी बोलावं लागतंच, फक्त बोलताना आपल्या हातात काहीतरी असतं. दोन यंत्रणा झाल्या की अकाउंट्स, गाड्या, वकील सगळं डबल होतं हेही खरं, पण त्या सेवा शहराकडून करार करून घेता येतात, त्यासाठी बोर्डच नको म्हणायचं कारण नाही.

त्यामुळे जिथे कुठे हा प्रस्ताव येईल तिथे लोकांनी आधी मसुदा मागावा आणि त्यात तीन गोष्टी शोधाव्यात. टॅक्समधला हिस्सा कायद्यात लिहिलाय की दर वर्षी कौन्सिलच्या मर्जीवर आहे, पार्कची जमीन कोणाच्या नावावर राहणार आणि ती विकायला किंवा भाड्याने द्यायला किती मतं लागणार, आणि उद्यान विभागाचा प्रमुख कोणाला उत्तर देणार. जमिनीसाठी माझ्या मते बोर्डाची दोन तृतीयांश मतं आणि वर लोकांचं मतदान, दोन्ही हवं. यातलं काहीच मसुद्यात नसेल तर मी त्या प्रस्तावाच्या विरोधात मत देईन आणि दुरुस्ती करून पुन्हा आणा म्हणेन.