घर सापडलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं तुम्ही सगळेच २०१९ पासून विचारताय. लग्नात, बारशात, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाघाटावर, फिरताना. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबून विचारलं, “रंगूनचं घर सापडलं म्हणे?” मी मान हलवली. दर वेळी हलवते.

दुसरा प्रश्न ठरलेला असतो, टिळकांची कोठडी पाहिली का? नाही पाहिली. टिळक मंडालेला होते, १९०८ ते १९१४. रंगूनहून मंडाले सहाशे किलोमीटरच्या पुढे, आणि बँकॉकच्या टूरमधून मी जेमतेम दोन दिवस काढले होते. झालं? आता घराचं.

२३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर पडलेले जपानी बॉम्ब, आजी साडेचार वर्षांच्या अण्णांना घेऊन बोटीने कलकत्त्याला आली ते, आजोबा ब्रह्मदेशातल्या तांगुपच्या घाटातून चालत आले ते, हे सगळं तुम्ही अण्णांकडून माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. एक दुरुस्ती तेवढी करते. “आपलं रंगूनचं घर” आपलं कधीच नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या होत्या. आजीने ते कधी लपवलं नाही. ती गेल्यावर आम्हीच एकेक मजला चढवत नेला.

माझ्याकडे आजोबांच्या नावाचं एक पाकीट होतं, १९३९ चं. त्यावर पत्ता. सुले पॅगोड्याच्या आसपास गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. इंग्रजांनी पट्टी ठेवून आखल्यासारख्या सरळ, अरुंद गल्ल्या. गल्ली पटकन सापडली. कोपऱ्यावर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांचं चहाचं दुकान होतं, तिथल्या म्हाताऱ्यांपैकी एकाला मोडकं हिंदी येत होतं. त्याने पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, “कागज लेके आया? घर मांगता?” मी घाईघाईने नाही नाही म्हटलं. इतक्या घाईने, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

पाकिटावर ८७ होतं. गल्लीत ८३ नंतर एकदम ९१. मधल्या जागेत सिमेंटची नवी इमारत, खाली मोबाइलचं दुकान. मी दोनदा इकडून तिकडे चालले. नाही म्हणजे नाही. लढाईत पडलं, नंतर पाडलं की आकडेच बदलले, कुणाला विचारणार? ह्यांना उन्हाचा त्रास होत होता, ते हॉटेलवर गेले होते. म्हणजे साक्षीदारही नाही.

तेवढ्यात अण्णांचा व्हिडिओ कॉल. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा एक तास पुढे. माझे नऊ वाजले होते, नाशकात आठ. अण्णा आंघोळ करून, स्वेटर घालून बसलेले. बाजूला खालच्या मजल्यावरचे काका, त्यांची सून, दूधवालाही असावा. “सापडलं?” अण्णांनी विचारलं.

मी फोन फिरवला. नव्या इमारतीकडे नाही, समोरच्या जुन्या घराकडे. हिरवट शेवाळलेल्या भिंती, लाकडी खिडक्या, आत अंधारात चढत गेलेला जिना. मी “हेच” म्हटलं नाही. हे लक्षात ठेवा. मी नुसता फोन फिरवला.

अण्णा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “हाच. जिना उजवीकडे. कठड्याला हात लावून बघ, गुळगुळीत असेल.”

लावला. होता गुळगुळीत. कुठल्याही जुन्या जिन्याचा असतोच.

त्या इमारतींमध्ये वरच्या मजल्यांवरून दोऱ्या सोडलेल्या असतात, टोकाला कागद अडकवायचा चिमटा. पेपर, बिलं, काय असेल ते खाली लावायचं आणि वर ओढून घ्यायचं. मी बाहेर आले तर वरच्या म्हातारीने माझ्या हातातलं पाकीट पाहिलं होतं. तिला वाटलं टपाल आलं. तिने दोरी हलवली, चिमटा माझ्या नाकासमोर येऊन डोलायला लागला. आणि फोनमधून अण्णा, “दोरी! अगं आई अश्शीच दोरी सोडायची!”

आजीच्या तोंडून दोरीचा शब्द मी कधी ऐकला नाही. तिच्या रंगूनमध्ये पाऊस होता, पाणी होतं, वास मारणारी मासळीची ती चटणी होती. दोरी नव्हती.

“वर जा ना,” अण्णा म्हणाले.

“नेटवर्क जातंय,” मी म्हटलं आणि फोन बंद केला. नेटवर्क उत्तम होतं.

तुम्ही म्हणाल, साधी गोष्ट, तेव्हाच सांगायचं. रात्री हॉटेलात मीही तेच ठरवलं होतं: नाशकात पोचल्यावर पहिल्यांदा हेच. पोचले तर त्या जिन्याच्या फोटोला फ्रेम झाली होती, देवघराशेजारी खिळा ठोकून. आता सांगून काय करणार होते? कधी वाटतं, म्हाताऱ्या माणसाला आनंद दिला, त्यात काय चुकलं. कधी वाटतं, आनंद कसला, माझी दोन दिवसांची वणवण फुकट जाऊ नये म्हणून मी फोन फिरवला. दोन्ही खरं वाटतं, दिवसावर आहे.

आणि एक. नाशकातल्या तिवंध्याजवळच्या वाड्यात आम्ही एकोणचाळीस वर्षं राहिलो. तो पाडला तेव्हा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने खांब हाताने वाजवून पाहिले आणि म्हणाला, “बर्मा सागवान आहे, चांगले पैसे येतील.” आले. तिथे आता पार्किंग आहे. घरून दहा मिनिटं. मी एकदाही बघायला गेले नाही, आणि तुमच्यापैकी कुणी विचारलंही नाही.

गेल्या दिवाळीत फराळ करता करता अण्णा मध्येच म्हणाले, “तिथे समोर एक नवी इमारत होती ना गं? खाली मोबाइलचं दुकान?”

मी ती त्यांना दाखवली नव्हती. फोन फिरवताना आली असेल ओझरती.

“होती,” मी म्हटलं.

“हं,” म्हणाले, आणि चकलीचा डबा माझ्याकडे सरकवला.